स्मृतिभ्रंशावरील गोळी आणि घरातले लक्ष

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषण. सभासद भगिनींच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



वर्धापनदिनाच्या आनंदाच्या सभेत आजाराचा आणि औषधाचा विषय कशाला, असे कोणाला वाटले तर त्यात नवल नाही. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चार बायका एके ठिकाणी बसल्या, की हल्ली एक वाक्य हटकून कानी पडते. "आमच्या सासूबाई आताशा जेवल्या तरी जेवले नाही म्हणतात." दुसरी म्हणते, "आमचे मामंजी भरदुपारी शेतावर जायला निघतात, आणि शेत विकून वीस वर्षे झाली." ऐकणाऱ्या हसतात, सांगणारीही हसते, पण तिच्या हसण्यात दम नसतो. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला. मी व्यवसायाने औषधनिर्माती. पुष्कळ वर्षे औषधाच्या दुकानात उभी राहिले आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे हे वाचणे माझे काम होते. आणि ती गोळी घरी गेल्यावर पुढे काय होते, ते गोळी न्यायला येणाऱ्या तुमच्यासारख्या भगिनींच्या तोंडून मी ऐकत आले.

मला आज एकच गोष्ट सांगावयाची आहे. ती आरंभीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला स्वयंपाकासाठी मधून उठावे लागले तरी तिची फेरी फुकट जाणार नाही. स्मृतिभ्रंशावरील औषध सुरू असलेल्या माणसाला नवी तक्रार सुरू झाली, तर "वयच झाले" किंवा "आजार वाढला" असे म्हणण्यापूर्वी, "ही त्या गोळीमुळे तर नसेल ना?" हा प्रश्न विचारावा. आणि उत्तर काहीही वाटले, तरी गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. बाकी सारे याच दोन वाक्यांचे स्पष्टीकरण आहे.

प्रथम आजाराविषयी थोडेसे. म्हातारपणी चष्मा कोठे ठेवला हे विसरणे निराळे, आणि चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे निराळे. दुसरा प्रकार म्हणजे स्मृतिभ्रंश. याला आपल्याकडे "म्हातारचळ" म्हणून सोडून देण्याची रीत होती. पण हा मेंदूचा आजार आहे, स्वभावाचा दोष नव्हे. जर्मनीतील डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील बदलांचे वर्णन विद्वानांपुढे मांडले, आणि या आजाराच्या सर्वांत मोठ्या प्रकाराला पुढे त्यांचेच नाव पडले. आपल्या देशात साठीच्या पुढील शंभर माणसांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे एकूण ८८ लाखांच्या आसपास माणसे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत निघाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरापेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक आढळले. तेव्हा हा पुण्या-मुंबईचा आजार आहे, सेनगाव-कळमनुरीला त्याचे काय, असे म्हणून चालणार नाही.

या आजाराला मुळापासून बरे करील असे औषध अद्याप नाही. जी औषधे आपल्याकडे नेहमी दिली जातात, ती काही काळ आठवण, लक्ष आणि रोजचे व्यवहार यांना थोडा आधार देतात. त्यांत मुख्य चार नावे आहेत. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही तीन एका कुळातली, आणि मेमँटिन हे चौथे निराळ्या कुळातले. सर्वांत अधिक दिसते ते डोनेपेझिल. जपानमध्ये हाचिरो सुगिमोतो या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह ते शोधले. त्यांच्या स्वतःच्या आईलाच स्मृतिभ्रंश झाला होता. अमेरिकेत त्याला १९९६ साली मान्यता मिळाली. एका मुलाने आईच्या दुःखातून शोधलेले हे औषध आहे, म्हणून त्याची निंदा करण्यासाठी मी येथे उभी नाही. पण चांगले औषधही आपली खूण शरीरावर सोडतेच, आणि ती खूण ओळखता आली पाहिजे.

ही गोळी करते तरी काय? मेंदूतील एका पेशीचा निरोप दुसरीला पोचविणारे अ‍ॅसिटिलकोलिन नावाचे एक द्रव्य असते. निरोप पोचला की शरीरातील एक पाचक द्रव्य त्याची लगेच विल्हेवाट लावते. स्मृतिभ्रंशात हे निरोप्ये कमी पडतात. गोळी त्या विल्हेवाट लावणाऱ्याचा हात धरून ठेवते. त्यामुळे असलेला निरोप्या थोडा अधिक वेळ टिकतो. हे मेंदूपुरतेच घडले असते तर माझे भाषण येथेच संपले असते. परंतु हाच निरोप्या पोटात, हृदयात, मूत्राशयात, श्वासनलिकेत आणि स्नायूंतही काम करतो. गोळी पोटात गेली की ती "मी फक्त मेंदूकडे जाते" असे काही म्हणत नाही.

आपल्या भागातल्या बायकांना हे समजावून सांगणे मला अवघड वाटत नाही. कापसावर आणि सोयाबीनवर फवारणी करताना विषबाधा झालेला माणूस आपल्यापैकी अनेकींनी पाहिला आहे. तोंडाला लाळ, अंगाला घाम, उलट्या, जुलाब, नाडी मंद, छाती भरून येणे. ऑर्गॅनोफॉस्फरस जातीची कीटकनाशके त्याच पाचक द्रव्याला घट्ट, जन्माची मिठी मारतात, म्हणून इतका अनर्थ होतो. आपली गोळी त्याच द्रव्याला हलक्या हाताने, मोजून आणि पुन्हा सुटेल अशा रीतीने धरते. कोणी भिऊन जाऊ नये. गोळी म्हणजे विष नव्हे. पण मात्रा जास्त झाली किंवा शरीराला सोसली नाही, तर तक्रारी कोणत्या दिशेने येतील, ते या उदाहरणावरून चटकन ध्यानी येते. उलट दिशेचे उदाहरणही आपल्या ओळखीचे आहे. महाशिवरात्रीला औंढा नागनाथाला आपण धोतऱ्याचे फळ वाहतो. तो धोतरा कोणी खाल्ला तर तोंड कोरडे पडते, लघवी अडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि माणूस भ्रमिष्टासारखा बडबडू लागतो. कारण धोतरा त्या निरोप्याचे काम बंद पाडतो. फवारणीच्या विषबाधेवर दवाखान्यात जे अ‍ॅट्रोपिन टोचतात, ते याच धोतऱ्याच्या गुणाचे. हे दोन टोक लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडतील.

आता एकेक तक्रार पाहू.

पहिली पोटाची. मळमळ, उलटी, जुलाब, भूक मंदावणे. डोनेपेझिलच्या चाचण्यांत शंभरातील सुमारे ११ जणांना मळमळ झाली. ज्यांना नुसती साधी, औषध नसलेली गोळी दिली होती त्यांच्यातही ६ जणांना झाली. जुलाब १० जणांना, तर साध्या गोळीवर ५ जणांना. म्हणजे बहुतेकांना हा त्रास होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांचाही तो पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. यातली खरी शिकवण निराळीच आहे. पाच मिलिग्रॅमवरून दहावर एका आठवड्यात नेले, तेव्हा शंभरात १९ जणांना मळमळ झाली. सहा आठवडे थांबून नेले, तेव्हा केवळ ६ जणांना. हळूहळू चढणाऱ्याला जिना सोसतो. म्हणून "गुण दिसत नाही, दोन गोळ्या देऊन पाहू" असा उतावीळपणा घरी कोणी करू नये. रिव्हास्टिग्मिनच्या कॅप्सूल जेवणासोबत द्याव्यात, उपाशीपोटी देऊ नयेत. त्यांचा पोटाला त्रास या कुळात सर्वांत अधिक. आणि आपल्याकडचा उन्हाळा ध्यानात ठेवा. मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला उलट्या-जुलाब झाले, तर एका दिवसात अंगातले पाणी आटते आणि तो अधिकच भ्रमिष्ट होतो. तेव्हा "आजार बळावला" म्हणत बसू नका; मीठ-साखरेचे पाणी पाजा आणि दवाखाना गाठा.

दुसरी तक्रार वजनाची. आणि येथे मला थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. या औषधांनी भूक कमी होऊन वजन घटू शकते. आजारानेही घटते. आता आपल्या घरात काय होते पाहा. सासूबाईंच्या बांगड्या मनगटातून खाली येऊ लागतात. नणंद माहेरी येते, आईचे खांदे पाहते आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "वहिनी, माझ्या मायला पोटभर घालीत नाहीस का गं?" आजारामुळे म्हातारी स्वतःही शेजारणीला सांगत असते, "मला सकाळपासून कोणी चहासुद्धा दिला नाही." जी सून रात्रंदिवस करते, तिच्याच माथी हा डाग. दुकानात माझ्यासमोर अशा किती सुना रडल्या, त्याची गणती नाही. म्हणून सांगते, भूक जाणे हा या गोळीचा छापील आणि माहीत असलेला परिणाम आहे. नणंदेने जाब विचारावयाचा तर तो गोळीच्या चिठ्ठीला विचारावा. सुनेने महिन्याला एकदा वजन करून कागदावर मांडावे. वजन सतत उतरत असेल तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा; ते मात्रा कमी करतील किंवा औषध बदलतील. तो कागद सुनेची साक्ष आहे.

तिसरी झोपेची. डोनेपेझिल बहुधा रात्री झोपताना देतात. काहींची त्याने झोप उडते, काहींना फार स्पष्ट आणि भीतिदायक स्वप्ने पडतात. रात्री दोन वाजता म्हातारा ओरडत उठला, की घरात लगेच "बाहेरचे काही" असल्याची कुजबूज सुरू होते. कोणी उतारा टाकायला निघते. त्याआधी डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा तीच गोळी सकाळी दिली की स्वप्ने थांबतात. पायात गोळे येणे आणि थकवा हेही याच यादीत आहेत.

चौथी नाडीची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. गोळी हृदयाचे ठोके मंद करू शकते. ठोके फार मंद झाले तर उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. कॅनडातील ओंटारियो प्रांतात ८१,००० हून अधिक स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांची माहिती तपासून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना या कुळातील औषधे चालू होती, त्यांच्यात बेशुद्ध पडून रुग्णालयात येण्याचे प्रमाण वर्षाला हजारी ३१ होते. ज्यांना ती चालू नव्हती, त्यांच्यात हजारी सुमारे १९. कंबरेचे हाड मोडण्याचे प्रमाणही थोडे अधिक आढळले. म्हाताऱ्या माणसाचे कंबरेचे हाड मोडणे म्हणजे काय, हे मी तुम्हांला सांगावयास नको. ज्यांना रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू आहे, त्यांनी विशेष जपावे, कारण तीही नाडी मंद करतात. उपाय सोपा आहे. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला आपली दोन बोटे ठेवून, घड्याळाच्या काट्याकडे पाहत, पूर्ण एक मिनिट ठोके मोजावयाचे. नेहमीपेक्षा कमी होऊन साठाच्या खाली राहू लागले तर डॉक्टरांना कळवा; पन्नासाच्या खाली गेले, किंवा चक्कर आली, भोवळ आली, तर त्याच दिवशी न्या. "बाथरूममध्ये पाय घसरला" एवढ्यावर कधी समाधान मानू नका. आधी पाय घसरला की आधी शुद्ध गेली, ते विचारा.

पाचवी लघवीची. या गोळीने लघवी धरवेनाशी होऊ शकते. सहावी श्वासाची, दमा असणाऱ्याचा दमा वाढू शकतो. सातवी पोटातील आम्लाची. जुना अल्सर असेल, किंवा सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या नेहमी चालू असतील, तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते. शौचाला डांबरासारखी काळी होणे, उलटीत रक्त येणे, ही थांबण्याची लक्षणे नव्हेत, गाडी बोलवा. फिट येण्याचा इतिहास असेल तर तोही औषध सुरू होण्यापूर्वी सांगावा.

रिव्हास्टिग्मिनची त्वचेवर चिकटवावयाची पट्टीही मिळते. तिने पोटाचा त्रास पुष्कळ कमी होतो. एका चाचणीत कॅप्सूलने शंभरात २३ जणांना मळमळ झाली, तर पट्टीने ७ जणांना. पण पट्टीचा स्वतःचा एक धोका आहे. नवी लावताना जुनी काढावयाची राहून जाते. सकाळी मुलगा लावतो, संध्याकाळी सून लावते, एक पाठीवर तशीच राहते, आणि दुप्पट-तिप्पट औषध अंगात जाते. अशा विसरण्याने माणसे दगावल्याची नोंद आहे. तेव्हा घरात एकाच व्यक्तीने पट्टी लावावी, आधी जुनी काढावी, जागा रोज बदलावी, आणि पट्टीवर तारीख लिहावी.

मेमँटिनचा स्वभाव निराळा. त्याने पोट कमी बिघडते; पण चक्कर, डोकेदुखी, बद्धकोष्ठ, झोपाळूपणा, आणि क्वचित गोंधळ वाढणे, असे होऊ शकते. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंड अधू असणाऱ्यांना मात्रा कमी लागते. पोटात गॅस झाला म्हणून खाण्याचा सोडा रोज पाण्यातून घेण्याची काहींना सवय असते. त्याने हे औषध अंगात साचू शकते, हे ध्यानात असावे. आणखी एक पाहा. डोनेपेझिल व मेमँटिन एकत्र असलेली गोळीही बाजारात मिळते. एका डॉक्टरांनी ती दिली, दुसऱ्यांनी निराळ्या कंपनीची नुसती डोनेपेझिल दिली, तर नावे दोन दिसतात आणि औषध दुप्पट जाते. म्हणून पाकिटावर ठळक अक्षरांतले कंपनीचे नाव वाचून थांबू नये. खाली बारीक अक्षरांत जे औषधाचे मूळ नाव असते तेच वाचावे. ते वाचता आले नाही तर दुकानदाराला विचारावे. विचारण्याला पैसे पडत नाहीत.

आता धोतऱ्याचे टोक आठवा. समजा, गोळीने लघवी धरवेना. घरच्यांनी ती तक्रार दुसऱ्या डॉक्टरांकडे नेली आणि स्मृतिभ्रंशाची गोळी चालू असल्याचे सांगितलेच नाही. त्यांनी लघवी थांबण्याचे औषध दिले. ते औषध धोतऱ्याच्या गुणाचे. आता एक गोळी निरोप्याला धरून ठेवते आणि दुसरी त्याला हाकलून देते. पहिलीचा गुण गेला, दुसरीने तोंड कोरडे पडले, बद्धकोष्ठ झाले, गोंधळ वाढला. मग गोंधळासाठी तिसरी गोळी. ओंटारियोतच २००५ साली ४४,००० हून अधिक वृद्धांचा असा हिशेब मांडला गेला. स्मृतिभ्रंशाच्या गोळ्या चालू असलेल्यांत शंभरात साडेचार जणांना पुढे लघवीचे हे उलटे औषध दिले गेले. गोळ्या नसलेल्यांत सुमारे तीन जणांना. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध, ही साखळी अशी वाढत जाते. तिची पहिली कडी घरच्या माणसालाच दिसते, डॉक्टरांना नव्हे. कारण त्यांच्यापुढे रुग्ण दहा मिनिटे असतो आणि आपल्यापुढे चोवीस तास.

धोतऱ्याच्या गुणाची औषधे चिठ्ठीविनाही घरात शिरतात. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते. पोटात कळ आली म्हणून घेतात त्या गोळीत डायसायक्लोमिन असते. झोपेसाठी किंवा खाजेसाठी घेतात त्यांतही असली औषधे असतात. तरुण माणसाला त्यांनी नुसती सुस्ती येते. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला आपल्याच घराचे दार ओळखेनासे होते. तेव्हा अशा माणसाला साध्या सर्दीची गोळीही विचारल्यावाचून देऊ नका.

संतापी, रात्री हिंडणाऱ्या, अंगावर धावून येणाऱ्या रुग्णाला शांत करण्यासाठी रिस्पेरिडोन, ओलँझापिन, हॅलोपेरिडॉल यांसारखी औषधे कधी कधी द्यावी लागतात. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी प्रथम २००५ साली दिला आणि २००८ साली जुन्या औषधांनाही लागू केला. अडचणीच्या वेळी डॉक्टर ती विचारपूर्वक देतात. पण शेजारच्या आजोबांना गुण आला म्हणून त्यांच्या डबीतली गोळी आपल्या आजोबांना, हे करू नका. आणि सुरू केलेली असेल तर दर भेटीत विचारा की आता कमी करता येईल का.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, "मग नकोच ती गोळी, आजच बंद करते." भगिनींनो, तसेही करू नका. ब्रिटनमध्ये मध्यम व तीव्र आजाराच्या २९५ रुग्णांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सर्वांना आधीपासून डोनेपेझिल चालू होते. ज्यांचे ते चालू ठेवले, त्यांची समज आणि रोजची कामे वर्षभरात, बंद केलेल्यांपेक्षा कमी घसरली. म्हणजे जिथे "काही उपयोग दिसत नाही" असे वाटते, तिथेही ती निमूटपणे थोडा आधार देत असू शकते. बंद करावयाचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने, आणि पुढचे काही आठवडे बारकाईने पाहत. डोनेपेझिलची एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. ते अंगात पुष्कळ दिवस टिकते. रिव्हास्टिग्मिन मात्र तीन दिवसांहून अधिक खंडित झाले, तर जुन्या मात्रेवर एकदम जाऊ नये. पुन्हा लहान मात्रेपासून सुरुवात लागते. लग्नसराईत, गावच्या जत्रेत, आजी एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा हा खंड पडतो. आजीच्या पिशवीत लुगड्याआधी औषधांची यादी जावी.

आता करावयाचे काय? शाळेची साधी वहीही चालेल, जुन्या वहीची कोरी पानेही चालतील. तीत गोळी सुरू झालेली तारीख आणि मात्रा लिहा. नंतर आठवड्यातून दोनदा पाच गोष्टी मांडा : जेवण, झोप, नाडी, लघवी-शौच, आणि तोल. महिन्याला एकदा वजन. नवी तक्रार सुरू झाली तर तिच्या आधीच्या पंधरा दिवसांत कोणती गोळी नवी आली किंवा वाढली, ते पाहा. डॉक्टरांकडे जाताना ही वही आणि घरातील सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक काढ्यांसह, एका पिशवीत न्या. आणि औषध सुरू होण्यापूर्वी विचारा : हृदयाचा आलेख काढावयास हवा का? मात्रा केव्हा वाढेल? गुण आला हे आम्ही कशावरून ओळखावे? तो आला नाही तर किती दिवसांनी फेरविचार करावयाचा?

हिंगोलीत आपले जिल्हा रुग्णालय आहे, आणि २०२४ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. नांदेडही दूर नाही. घरातल्या करणाऱ्या माणसाचेच मन खचू लागले, तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. औषधाचा दुष्परिणाम झाला असे वाटले, तर त्याची नोंद करण्यासाठी २०१० सालापासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे. त्याचा विनामूल्य क्रमांक १८००-१८०-३०२४. डॉक्टरच नव्हे, तर तुम्ही-आम्हीही तेथे नोंद करू शकतो. मराठवाड्यातील एका घरातील तक्रार तेथे पोचली, तर तिचा उपयोग देशातल्या दुसऱ्या घराला होतो.

शेवटी मंडळापुढे एक विचार ठेवते. आपल्या शेजारच्या गोव्यात एक प्रयोग झाला. गावातीलच माणसांना शिकवून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी पाठविले. ती घरच्यांना आजार समजावून सांगत, धीर देत, रुग्णाशी कसे वागावे ते दाखवीत. औषधाचा प्रश्न आला की डॉक्टरांचा सल्ला मिळवून देत. ८१ कुटुंबांच्या या अभ्यासाचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. करणाऱ्या माणसांच्या मनावरचा भार हलका झाला, असे त्यात आढळले. तेथे कोणती मोठी यंत्रे लागली नाहीत. लागली ती घरोघर जाणारी, ऐकून घेणारी माणसे. हे काम आपले मंडळ करू शकणार नाही काय? मंडळाने एक वजनकाटा घ्यावा आणि तो महिन्यातून एक दिवस कार्यालयात उघडा ठेवावा. ज्या घरी असा रुग्ण आहे, तेथे आठवड्यातून एक दुपार कोणीतरी सभासद जाऊन बसावी, म्हणजे त्या घरच्या बाईला दोन तास डोळा लागेल, किंवा बाजार तरी करता येईल. आणि सर्वांत मोठे म्हणजे, वाळलेल्या म्हातारीकडे पाहून तिच्या सुनेविषयी बोट दाखविण्याची रीत आपण आपल्या गल्लीपुरती तरी बंद करावी. "घालीत नाहीस का?" असे विचारण्याऐवजी "वही दाखव बरे, आपण मिळून पाहू" असे विचारावे.

ज्यांनी आपल्याला बोट धरून चालविले, त्यांची नाडी मोजण्यासाठी दिवसातले एक मिनिट काढणे हे काही फार मोठे ऋण फेडणे नव्हे. पण त्या एका मिनिटाने एखादीचे हाड, एखाद्याचा प्राण वाचू शकतो. तेवढे आपण करावे, अशी माझी विनंती आहे.